ब्राउझर मराठीत कसा करावा, आणि चुकून परक्या लिपीत गेला तर परत कसा आणावा

क्रोम, एज आणि फायरफॉक्स, तिन्ही ब्राउझर मराठीत चालतात. मेनू, सेटिंग्ज, इंटरनेट गेल्यावर येणारा निरोप, सगळं मराठीत दिसू शकतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. मात्र भाषा बदलली की ब्राउझर बहुधा बंद होऊन पुन्हा उघडतो. टॅब परत येतात, पण अर्धवट भरलेला फॉर्म तसाच राहील याचा भरवसा नाही आणि इन्कॉग्निटो (इतिहास न ठेवणारी) खिडकी तर जातेच. तेव्हा हातातलं काम आधी उरकून घ्या.

विंडोजवर क्रोम

वरच्या उजव्या कोपऱ्यातले उभे तीन ठिपके दाबा, मेनूत खालच्या बाजूला ‘सेटिंग्ज’ आहे ते उघडा आणि डावीकडून ‘लँग्वेजेस’ निवडा. ‘ॲड लँग्वेजेस’वर गेलात की लांबलचक यादी येते. शोधाच्या चौकटीत मराठी लिहा, टिक करा, ‘ॲड’ दाबा.

बरेच जण इथेच थांबतात आणि मग म्हणतात, काहीच बदललं नाही! नुसती यादीत घातलेली मराठी फक्त वेबसाइटींना कळवली जाते: या माणसाला जमलं तर मराठी पान दाखवा. क्रोमचे स्वतःचे मेनू त्याने हलत नाहीत. त्यासाठी यादीतल्या मराठीच्या ओळीकडे नीट बघा. ओळीच्या उजव्या टोकाला आणखी तीन ठिपके आहेत, बारीक असल्यामुळे सहज नजरेतून सुटतात. ते दाबल्यावर ‘डिस्प्ले गूगल क्रोम इन धिस लँग्वेज’ असा पर्याय येतो. त्यावर टिक करा. त्याच ओळीत ‘रीलाँच’चं बटण उगवेल, ते दाबा. झालं.

इंग्रजी यादीतून काढू नका, मराठीच्या खाली राहू द्या. मराठी पान नसलेल्या साइटींना पुढची पसंती कोणती ते त्यावरूनच कळतं.

एजमध्ये वाट जवळपास हीच, फक्त ठिपके आडवे आणि शेवटी ‘रीस्टार्ट’. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघा, ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’ असं जाऊन ‘लँग्वेज’पर्यंत खाली या. तिथल्या यादीत मराठी नसेल तर ‘सर्च फॉर मोअर लँग्वेजेस’मधून ती घ्यावी लागते. वेबसाइटींसाठीची भाषा तिथेच, पण वेगळ्या बटणामागे आहे.

मॅकवरच्या क्रोममध्ये हा पर्याय शोधत बसू नका. तिथे क्रोम सिस्टिमच्या भाषेप्रमाणे चालतो, म्हणून बदल मॅकच्या ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये करायचा. अँड्रॉइड फोनवर मात्र सोपं आहे: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेजेस’, त्यात सगळ्यात वर क्रोमची सध्याची भाषा, ती दाबून मराठी निवडा. फोनची भाषा इंग्रजीच राहते.

घरात एकच कॉम्प्युटर असेल तर

आजोबांना मराठी हवी आणि नातवाला इंग्रजी, तर क्रोममध्ये आजोबांचं वेगळं प्रोफाइल काढून उपयोग नाही. विंडोजवर क्रोमची भाषा सगळ्या प्रोफाइलना मिळून एकच असते. त्यापेक्षा क्रोम इंग्रजीत ठेवा आणि एज मराठीत करून आजोबांना द्या. विंडोजवर तो आधीपासून असतोच. मला तरी हीच सोय सगळ्यात बरी वाटते. ब्राउझरवरून घरात वाद नकोत.

काय बदलत नाही

साइटींवरचा मजकूर आपोआप मराठी होत नाही. ‘आपले सरकार’सारख्या पोर्टलवर भाषा पानावरच निवडायची असते. यूट्यूबची भाषा त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधून बदलते. ब्राउझर पान भाषांतरित करून देतो, बातम्या वाचायला ते ठीक आहे, पण बँकेचा किंवा सरकारी फॉर्म मूळ भाषेतच भरा. यंत्राने रकान्याचं नाव भलतंच केलं तर निस्तरायचं तुम्हालाच.

मराठी टायपिंगही याने सुरू होत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडून कीबोर्ड वेगळा घ्यावा लागतो. त्यात ‘मराठी फोनेटिक’ घेतलात तर इंग्रजी स्पेलिंगसारखं लिहून देवनागरी उमटते.

कीबोर्डचे शॉर्टकट तेच राहतात. कंट्रोल-टी दाबलं की नवा टॅब, मेनू कुठल्याही भाषेत असो.

भलतीच भाषा लागली तर

सायबर कॅफेतला किंवा दुसऱ्याचा ब्राउझर तमिळमध्ये उघडला आणि एक अक्षर लागेना, अशा वेळी शब्द सोडा, जागा धरा. क्रोमचे ठिपके कोपऱ्यातच असतात आणि मेनूतली अगदी शेवटची ओळ बाहेर पडण्याची असते, तिच्या आसपास सेटिंग्ज. ते उघडून डावीकडच्या ओळी एकेक दाबत जा. जिथे भाषांची नावं ओळीने दिसतील ते पान तुमचं. भाषा जोडायच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्या स्वतःच्या लिपीतही लिहिलेलं असतं, त्यामुळे ‘मराठी’ तिथे मराठीतच सापडेल. मग तिच्या ओळीतले ठिपके, त्यातला टिक करायचा पर्याय आणि शेजारी उगवणारं बटण. कॉम्प्युटर दुसऱ्याचा असेल तर उठण्याआधी भाषा होती तशी करून ठेवा.