जुनी सहाचाकी उभयचर गाडी घेताय? या चुका टाळा

जुनी उभयचर एटीव्ही (जमिनीवर आणि पाण्यातही चालणारी, खडबडीत वाटांसाठीची छोटी गाडी) बघायला गेलं की विकणारा आधी दोरी ओढून इंजिन सुरू करून दाखवतो. फटफट आवाज, निळसर धूर, आणि गिऱ्हाईक विरघळलंच! पण या गाडीत सर्वांत सहज बदलता येतं ते इंजिनच. पैसे बुडतात ते खालच्या टबात, म्हणजे गाडीच्या नावेसारख्या तळात, आणि चाकं फिरवणाऱ्या साखळ्यांत.

आधी वर्ष तपासा. कॅनडातली जिगर ही सहाचाकी १९६१ ची. होंडाची तीनचाकी आली १९७० मध्ये, म्हणजे सहाचाकी तिच्यापेक्षा जवळपास दशकभर जुनी. आर्गो ही दुसरी सहाचाकी १९६७ पासूनची, त्यामुळे कुणी '१९६४ ची आर्गो' विकत असेल तर हात जोडून निघा. सत्तरच्या दशकात बरेचसे कारखाने बंद पडले, म्हणून सुटे भाग मिळणं हाच खरा प्रश्न. माझं मत विचाराल तर पहिली गाडी टी-२० नावाच्या गिअरबॉक्सची घ्यावी. अटेक्स आणि मॅक्स, या दोन्ही सहाचाकींत तो असे, त्यामुळे माहितगार माणसं आणि भाग दोन्ही सापडतात.

टबाला तडा असेल तर सरसकट फायबरग्लास थापू नका. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात ॲसिटोनचा बोळा घासून बघा. पृष्ठभाग चिकट झाला तर तो बहुधा एबीएस, म्हणजे एक कडक प्लॅस्टिक. तो ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या एबीएसनेच जोडतात. काहीच झालं नाही आणि हाताला मेणचट लागलं तर पॉलिथिलीन. त्यावर फायबरग्लासचं रेझिन धरत नाही, प्लॅस्टिक वेल्डिंगच लागतं. तड्यात काचेचे धागे दिसले, तरच फायबरग्लासचं काम.

एका बाजूची तिन्ही चाकं साखळीने एकमेकांना बांधलेली असतात आणि गाडी वळते ती एका बाजूला ब्रेक लावून. एका बाजूला दोन जुने आणि एक नवा, जाड टायर बसवला की त्यांचा घेर जुळत नाही; तिन्ही चाकं सारखीच फिरतात, पण प्रत्येकाचं अंतर वेगळं, आणि तो सगळा ताण साखळीवर येतो. डांबरावर गोल गोल फिरवून दाखवण्याचा मोहही म्हणूनच टाळा. हवा साधारण दोन-तीन पीएसआय पुरते. मोटारीसारखी तीस भरलीत तर टायर फुटून माणूस जखमी होईल.

टू-स्ट्रोक इंजिन वर्षानुवर्षं उभं असेल तर क्रँकचे (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याचे) रबरी सील कडक होतात. हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापून अडकतो. कार्ब्युरेटर कितीही साफ करा, उपयोग नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरणारेही भेटतात. त्यांचं इंजिन तर पाण्यापर्यंतही पोचत नाही.

पाण्यात नेण्याआधी ॲक्सलचे सील बघा: चाक हाताने वर-खाली हलवा, खेळ जाणवला तर तिथूनच पाणी शिरणार. मग टबाच्या तळाचं बूच घट्ट बसलंय ना ते बोटाने चाचपा. मी एकदा हे विसरलो. पाच मिनिटांत मोजे ओले, आणि गाडी सावकाश मागच्या बाजूने खाली जाऊ लागली. टायर फिरवतच किनारा गाठायचा होता, तोही चालण्याच्या वेगाने.