रुतलेली फोर बाय फोर चाकाच्या विंचने कशी काढायची

मे-जूनमध्ये पुण्याजवळच्या पानशेत धरणाचं बॅकवॉटर खाली गेलं की काठाला जो गाळ उघडा पडतो ना, तो वरून एकदम कडक दिसतो, भेगा पडलेला, म्हणून आपण बिनधास्त गाडी घालतो आणि वरचा पापुद्रा फुटला की खाली नुसता रेंदा. माझी थार तिथेच ॲक्सलपर्यंत बसली होती. सोबत दुसरी गाडी नाही, बंपरवर विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) नाही, आणि गावातले ट्रॅक्टरवाले काका नेमके लग्नाला गेलेले. संध्याकाळी कशीबशी निघाली, पण त्यानंतर मी चाकाला लावायच्या विंचचा सेट घेतला. आता तीन पावसाळे वापरून जे कळलंय ते सांगतो.

आधी हे आहे काय? मोटर नाही, बॅटरी नाही. एक लहान ड्रम असतो, तो चाकाच्या बाहेरच्या अंगाला नटांवर बसतो (काही प्रकार अलॉयच्या आऱ्यांमधून पट्ट्याने बांधतात), त्याला दोर अडकवायचा, दोराचं दुसरं टोक झाडाला. चाक जागच्या जागी फिरतंय म्हणून तर गाडी फसलीय, तेच फिरणारं चाक आता दोर गुंडाळतं आणि गाडी स्वतःला ओढून घेते. यात जोर कसा मिळतो बघा, टायरची त्रिज्या साधारण ३९ सेंमी आणि ड्रमची १० धरली तर तोच टॉर्क दोरावर जवळजवळ चौपट ओढ देतो. स्पीड मात्र तेवढाच कमी, चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जेमतेम ६३ सेंमी सरकते. हे ६३ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकाच चाकाला लावून उपयोग नाही, ही चूक सगळे करतात. साधा ओपन डिफरन्शियल (ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) असेल तर दोर बांधलेलं चाक जड होतं आणि त्याच ॲक्सलचं पलीकडचं मोकळं चाक गरगर फिरत बसतं, दोर ताणला पण जात नाही. एकाच ॲक्सलच्या दोन्ही चाकांना ड्रम पाहिजेत. गंमत म्हणजे ओपन डिफला एका बाजूचा दोर सैल राहिला तरी चालतं, आधी तो सैल दोर गुंडाळला जातो आणि मग दोन्हीकडे ताण सारखा येतो. पण फोर्स गुरखा गाडीत असतो तसा डिफ लॉक लावला असेल तर दोन्ही चाकं एकसारखी फिरणार, मग दोर अगदी समान लांबीचे हवेत, नाहीतर सगळा लोड एकाच बाजूला. मी मागच्या चाकांनाच लावतो, पुढच्या चाकांना लावलं तर स्टेअरिंग ओढलं जातं.

घरी करायचं काम म्हणजे लांब नट बसवून ड्रम लावून बघणं, तुमच्या पीसीडीला (नटांच्या वर्तुळाच्या व्यासाला) बसतोय का, टायरच्या बाहेर किती येतोय. चिखलात गुडघ्यावर बसून पहिल्यांदा हे करायचं नाही, प्लीज. भोसरीत लेथवर स्वस्तात ड्रम करून देतो म्हणणारे खूप भेटतील, पण वेल्डिंग तुटून तो तुकडा कुणाकडे उडेल याचा विचार करा. शॅकल (दोर-पट्टे जोडायच्या लोखंडी कड्या), पट्टे, दोर पुण्याच्या बोहरी आळीत मिळतात, फक्त घेताना त्यावर लोडचा आकडा छापलाय का ते बघा, नसेल तर सोडून द्या. दोर कमी ताणणारा पाहिजे, डायनिमा किंवा पॉलिस्टर. गाडीने गाडी ओढायचा नायलॉनचा लवचिक दोर इथे अजिबात नको, तो तुटला की गोफणीसारखा येतो.

आता प्रत्यक्ष. पहिलं काम फावडं. ठोकताळा असा की चाकं रुतली असतील तर ओढ गाडीच्या वजनाएवढी लागते, चिखल मडगार्डपर्यंत आला की दुप्पट, त्याच्याही वर गेला की तिप्पट. म्हणजे सामानासकट दोन टनाच्या गाडीला सहा टन! अर्धा तास चाकांच्या वाटेतला आणि ॲक्सलखालचा चिखल उपसला की हाच आकडा बराच खाली येतो, आणि नटसुद्धा त्याशिवाय दिसत नाहीत. टायरची हवा कमी करा, १५ पीएसआयच्या आसपास.

मग अँकर, म्हणजे दोर बांधायचा आधार. शक्यतो मागेच ओढा, ज्या वाटेने आलात ती वाट निदान माहितीची असते, आणि मागच्या चाकाचा दोर सरळ मागे जातो, पुढच्या चाकात अडकायची भीती नाही. बंपरवरच्या विंचला हे जमत नाही. झाड जिवंत आणि जाड बुंध्याचं, ऐन, जांभूळ वगैरे. पांगारा नको, लाकूड मऊ. बुंध्याला रुंद पट्टा आणि तोही जमिनीलगत. एकच झाड असेल तर ते लांबचं घ्या, १५-२० मीटर, कारण जवळ असलं की दोन्ही दोर तिरके आत येतात आणि ड्रमवरून घसरून टायरवर चढतात. झाडच नसेल तर स्टेपनी पुरायची. ओढीला आडवा असा तीनेक फूट खोल खड्डा, त्यात स्टेपनी उभी, पट्टा बाहेर यायला गाडीच्या दिशेने उताराची चर, आणि वरून सगळी माती दाबून. घाम निघतो पण धरते.

दोर ड्रमच्या खालून निघाला पाहिजे. पुढे ओढा नाहीतर मागे, दोन्ही वेळेला खालूनच. चाक पुढे फिरतं तेव्हा त्याचा खालचा भाग मागे जातो, म्हणून पुढून आलेला दोर खालीच गुंडाळला जातो, रिव्हर्सला त्याचं उलट. मी पहिल्यांदा वरून घेतला होता आणि मित्र बाहेरून ओरडतोय, अरे दोर बाहेर येतोय, आणि मी आत बसून म्हणतोय, येऊ दे येऊ दे, चांगलंय!

दोरावर मध्यभागी ओलं गोणपाट टाका. सगळे लोक दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, मोबाईल काढून जवळ शूटिंग करणारा भाऊ तर आधी हाकला. फिरत्या ड्रमजवळ हात नाही, ओढणी नाही. बाहेरून खुणा एकच माणूस करणार, पण थांब कुणीही ओरडलं तरी थांबायचं. ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) बंद, नाहीतर ते फिरणाऱ्या चाकाला ब्रेक मारत बसतं. फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारी लो रेंज), रिव्हर्स किंवा पहिला गिअर, क्लच हळू सोडा आणि आयडलवरच चालू द्या. रेस करायची नाही, लो रेंजमध्ये इंजिनाकडे दोर किंवा चाकाचे स्टड (नट बसतात ते बोल्ट) तोडायची ताकद आहे. दोर ताणला की एकदा थांबून, ब्रेक दाबून, अँकर हललाय का विचारा.

आता ते ६३ सेंमी. टायरला पकड मिळाली की एका फेऱ्यात गाडी अडीच मीटरला टेकते, दोर मात्र ६३ सेंमीच गुंडाळला जातो. म्हणजे गाडी स्वतःच्याच दोरावर चढते आणि तो ढिला दोर चाकात, ब्रेकच्या पाइपात गुंततो. गाडी एकदम हलकी झाल्यासारखी वाटली की लगेच क्लच आणि ब्रेक. दोर सोडवा, ड्रम काढा, मग बाकीचं अंतर चालवत या. सुटली सुटली म्हणून तसंच दामटायचं नाही, माझा एक सेन्सर त्यातच गेला.

ताम्हिणीचं अभयारण्य किंवा कुणाचं भातखाचर असेल तर मुळात गाडी घालूच नका, बांध मोडला तर शेतवाले काका चिडणारच आणि त्यांचं बरोबर आहे.

घरी आल्यावर दोर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, आत वाळू राहिली की धागे कापले जातात. ड्रम काढल्यावर व्हील नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर परत एकदा पाना लावून बघा.