स्टेज फोर सांगितलंय, आता पुढचे दिवस कसे काढायचे

मी ठाण्याची, चरईत राहते. कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय आणि तो बरा होणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे पॉझिटिव्ह राहा वगैरे मी सांगणार नाही, त्याला नातेवाईक आहेतच. जे दिवस आहेत ते आपल्या हातात कसे ठेवायचे तेवढं लिहिते.

सगळ्यात आधी दुखणं. कळा येत असतील तर नातवंडं, देव, टीव्ही कशातच जीव लागत नाही, म्हणून पहिला नंबर याचा. पॅलिएटिव्ह ओपीडी (दुखणं आणि त्रास कमी करणारा विभाग) म्हटलं की घरच्यांना वाटतं डॉक्टरांनी हात टेकले, तसं अजिबात नाहीये, केमो चालू असतानाही जाता येतं आणि लवकर गेलेलं बरं. परळच्या टाटाला त्याचं वेगळं डिपार्टमेंट आहे. मॉर्फिनचं नाव ऐकून आमचे हे घाबरलेच, सवय लागेल म्हणे! डॉक्टरांच्या देखरेखीत दुखण्यासाठी घेतलं तर व्यसनाची भीती फार कमी असते. साधी गोळी बहुतेक दर 4 तासांनी असते, ती दुखायची वाट न बघता घड्याळ बघून घ्यायची, आणि मधेच कळ आली तर जादा किती घ्यायची ते आधीच लिहून घ्यायचं. सुरुवातीला गुंगी येते, काही दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, त्यामुळे पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून पाहिजे, दिलं नसेल तर मागून घ्या. लाँग ॲक्टिंग (हळूहळू, जास्त तास काम करणारी) गोळी कुटून देऊ नका, सगळा डोस एकदम अंगावर येतो. 2014 ला अशा औषधांचा कायदा सुटसुटीत झाला तरी प्रत्येक मेडिकलमध्ये मॉर्फिन मिळत नाही, संपायच्या आधीच सोय बघा.

मी कालनिर्णयच्या चौकोनात, जिथे आधी दुधाचा हिशोब लिहायचे तिथे, 10 पैकी किती दुखलं तो आकडा लिहिते. डॉक्टर विचारतात तेव्हा "बरं आहे" म्हणण्यापेक्षा ते पान दाखवलं की डोस पटकन ठरतो.

मग ताकद. माझी सकाळ चांगली जाते, दुपारनंतर मी कामातून गेलेली असते. म्हणून सकाळ हॉस्पिटलच्या कागदांवर वाया घालवायची नाही, ते मुलगा करेल. स्वयंपाकाचा ओटा सुनेला दिला, आणि मागून सूचना द्यायच्या पण बंद केल्या (हे केमोपेक्षा अवघड गेलं). फिरायला तलावपाळी, पण शनिवार-रविवार नको, व्हीलचेअर गर्दीत अडकते. बहीण सीवूड्सला राहते, तिकडे हिवाळ्यापासून मेपर्यंत फ्लेमिंगो असतात, भरती बघून जा म्हणजे तळ्याकाठीच दिसतात. लोकलने जाणार असाल तर दिव्यांग डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, हॉस्पिटलचा कागद जवळ ठेवा.

तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी चमचा घ्या आणि तोंड आलेलं नसेल तर आमसुलाचं सार प्या. मिसळ खायची इच्छा होते मला, तर्रीशिवाय दोन घास खाते, अपमान आहे मिसळीचा पण चालतं.

भेटायला येणाऱ्यांना आधी फोन करायला सांगा. रडणाऱ्या मावश्या आणि गोमूत्रवाले काका, दोघांनाही चहा देऊन अर्ध्या तासात वाटेला लावायचं काम घरातल्या एकाने घ्यायचं. मुलांपासून आजार लपवू नका, त्यांना कळलेलंच असतं, फक्त विचारायची चोरी होते.

कागदं डोकं शाबूत आहे तोवरच करा. व्हेंटिलेटर नको असेल तर लिव्हिंग विल (शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद) करता येतं, सुप्रीम कोर्टाने 2018 ला मान्यता दिली आणि 2023 ला सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. एक कॉपी फॅमिली डॉक्टरकडे द्या. साधं मृत्युपत्र वेगळं. त्यालाही दोन साक्षीदार लागतात, पण ज्याला काही देणार त्याला साक्षीदार करू नका. बँकेत नॉमिनी आहे म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनी म्हणजे वारसदार नाही. फोनचं लॉक एकाला सांगून ठेवा. आणि पैठणी, पाटल्या, मोठा कुकर कोणाला ते पण नावानिशी लिहा, नाहीतर तेराव्यालाच जावाजावांची जुंपेल.