सरकारी होल्डरमधला कार्सन सिटी डॉलर : घेण्याआधी आणि ग्रेडिंगला पाठवण्याआधी

पैसे काढण्याआधी एक कागद काढा आणि त्यावर आकडे लिहा. अमेरिकी सरकारच्या जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे जीएसएने, ट्रेझरीच्या तिजोऱ्यांत पडून राहिलेले चांदीचे डॉलर १९७२ ते १९७४ आणि पुन्हा १९८० मध्ये टपालाने विकले. त्यातले बहुतेक नेवाडातल्या कार्सन सिटी टाकसाळीचे, मॉर्गन या नक्षीकाराच्या नावाने ओळखले जाणारे डॉलर होते, प्लास्टिकच्या बंद होल्डरमध्ये. १८८४ चे ९,६२,६३८, १८८३ चे ७,५५,५१८, १८८२ चे ६,०५,०२९. १८८५, १८८१ आणि १८८० चे प्रत्येकी सव्वा ते दीड लाख, १८७८ चे ६०,९९३. तिथून आकडा एकदम कोसळतो: १८९१ चे ५,६८७, १८७९ चे ४,१२३, १८९० चे ३,९४९.

१८८४ साली कार्सन सिटीत ११,३६,००० नाणी पडली होती. त्यातली जवळपास ८५ टक्के तिजोरीतच राहिली. तेव्हा 'सीसी (कार्सन सिटीची खूण) आहे, दुर्मिळच' हा विक्रेत्याचा पाढा १८८४ ला लागू पडत नाही. उलट, किती पाडली एवढ्यावर भिस्त ठेवली तरी फसायला होतं. १९१८ च्या पिटमन कायद्याने २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले गेले आणि त्यातली बहुतेक चांदी रुपये पाडायला हिंदुस्थानात आली. कोणत्या सालाची किती नाणी मुशीत गेली याची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून कागदावर दोन रकाने हवेत, किती पाडली आणि जीएसएने किती विकली. दुसरा जास्त महत्त्वाचा.

आता टेबल. ५ ते ७ पटीचं भिंग पुरे. त्याहून मोठं घेतलं की प्रत्येक नाणं खराब दिसायला लागतं. एकच पिवळा बल्ब असलेला टेबललॅम्प हवाच. ट्यूबलाइटखाली झळाळी मरते आणि बारीक ओरखडे लपतात. खाली काळं कापड, जवळ मायक्रोफायबरचा रुमाल. वजनकाटा इथे कुचकामी. नाण्याचं वजन २६.७३ ग्रॅम, म्हणजे दोन राणीछाप रुपयांहून थोडं जास्त, हे माहीत असलं तरी होल्डर न उघडता ते तोलता येत नाही, आणि होल्डर उघडायचा नाही.

नाण्याआधी होल्डर तपासा. तो कडक पारदर्शक प्लास्टिकच्या दोन भागांचा असतो, मध्ये काळी पट्टी. चारही कडा बोटाने चाचपा आणि दिव्याकडे तिरक्या धरून बघा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलेल्या कडेला छोटी पांढरट खाच किंवा चिरलेला कोपरा राहतो. होल्डर उघडून पुन्हा दाबून बसवता येतो, त्यामुळे चांगलं नाणं काढून त्याच सालाचं कमी प्रतीचं नाणं आत सरकवणं अशक्य नाही. मग मजकूर वाचा. चांगल्या नाण्यांच्या होल्डरवर 'अनसर्क्युलेटेड' हा शब्द असतो. डागाळलेली किंवा जास्त खरचटलेली नाणी तो शब्द नसलेल्या होल्डरमध्ये गेली. सरकारने 'डाग' म्हणून बाजूला काढलेल्या याच नाण्यांपैकी काहींवर निळा-सोनेरी रंग चढलेला असतो आणि त्यासाठी लोक आज जादा मोजतात, हा त्यातला गमतीचा भाग.

ओरखडा दिसला तर तो प्लास्टिकवर आहे की नाण्यावर? डोकं डावीउजवीकडे हलवा. ओरखडा नाण्यावरच्या नक्षीवरून सरकला तर प्लास्टिकवरचा, जागचा हलला नाही तर नाण्यावरचा. प्लास्टिकवरचा ओरखडा मऊ कापडाने प्लास्टिक पॉलिश लावून बराच जातो. पॉलिश सांध्यापासून दूर ठेवा. ते फटीतून आत गेलं की नाणं गेलं.

ग्रेडचा, म्हणजे नाण्याच्या स्थितीच्या दर्जाचा, अंदाज घेताना नजर पहिल्यांदा पुढच्या बाजूवरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्त्रीच्या चेहऱ्याच्या, गालावर. हजार-हजारच्या पिशव्यांत ही नाणी एकमेकांवर आपटली आहेत आणि गाल हा सगळ्यात मोठा उघडा भाग. दिव्याखाली नाणं हळू फिरवा. झळाळीचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे न तुटता फिरले आणि गालावर ठळक मार नसला, तर एमएस-६४ च्या (न वापरलेल्या नाण्यांची ६० ते ७० ची मोजपट्टी) आसपास विचार करा. गालावर दोन-तीन खोल खाचा असतील तर ६२, फार तर ६३. कानावरचे केस आणि गरुडाची छाती सपाट दिसली तर घाईने 'झिजलंय' म्हणू नका. तिथे झळाळी शाबूत असेल तर तो कमकुवत ठसा, झीज नव्हे. १८८० च्या नाण्याची मागची बाजू वेगळी बघा. काहींवर १८७८ ची जुनी मागची बाजू आहे, सपाट छातीचा गरुड असलेली, आणि त्यांचा भाव निराळा.

विक्रीवेळी नाण्यासोबत दिलेला काळा डबा आणि प्रमाणपत्राचं कार्ड असेल तर छान, पण त्यासाठी फार जास्त मोजू नका. १९७२-७४ च्या प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे सालाचे असतात, ८२ म्हणजे १८८२. ते जुळतात का पाहा. होल्डरवर मात्र क्रमांक नसतो, त्यामुळे कार्ड याच नाण्याचं आहे हे कशानेच सिद्ध होत नाही.

ग्रेडिंगला पाठवताना संस्था होल्डरसकट ग्रेड करते का, हे आधी पक्कं करा. एनजीसी ही अमेरिकी ग्रेडिंग संस्था ग्रेड छापलेली पट्टी होल्डरभोवती बसवते. पट्टी तुटली की ग्रेडची हमी संपली. डबा आणि कार्ड घरीच ठेवा. होल्डर बबलरॅपमध्ये आणि दोन पुठ्ठ्यांत बांधा. सैल पार्सलात कोपरे तडकतात. नाणं भारतात आणायचं असेल तर हे सगळं अमेरिकेतच उरका. शंभर वर्षांहून जुनं नाणं इथे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि परत बाहेर पाठवणं अडतं.

होल्डर हवाबंद नाही. मुंबई-कोकणच्या दमटपणात बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात महिन्याला बदला. होल्डरला रबरबँड कधीच लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते आणि तो पट्टा नाण्यावर उमटतो.