दोन प्रोसेसमधली मेसेज लायब्ररी लिहिताय? या चुका टाळा

लिनक्सवर दोन प्रोसेसमध्ये मेसेज पोचवणारी लायब्ररी लिहायला घेतली की पहिला डेमो लगेच चालतो. चालणारच. मेसेज छोटे, वाचणारी प्रोसेस मोकळी आणि दोन्ही बाजू जिवंत. यातलं एक जरी बदललं की खरे बग बाहेर पडतात.

एक राइट म्हणजे एक रीड, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त वेळ हीच चूक खाते. दोन प्रोसेसमध्ये बाइट वाहून नेणाऱ्या पाइप किंवा स्ट्रीम सॉकेटला 'मेसेज' ठाऊकच नसतो, त्याच्या लेखी सगळे नुसते बाइट. 300 बाइटचे दोन मेसेज पाठवले तर पलीकडे 600 एकदम येतील, किंवा आधी 450 आणि मग 150. लक्षण ओळखीचं आहे: लोड वाढला की पार्सर (बाइटमधून मेसेज वेगळा काढणारा कोड) मधूनच 'हेडर चुकीचा' म्हणून बोंबलतो, आणि डीबगरमधून सावकाश चालवलं की सगळं सुरळीत.

प्रत्येक मेसेजआधी ठरावीक 4 बाइटमध्ये त्याची लांबी, म्हणजे हेडर, पाठवा आणि तेवढे बाइट हातात येईपर्यंत लूपमध्ये रीड करा. सिग्नलमुळे रीड मध्येच तुटला तर पुन्हा करा. शून्य आलं तर समोरच्याने दार लावलंय. मेसेज अर्धा असताना शून्य आलं तर तो टाकून द्या आणि वरच्या कोडला एरर द्या. राइटही अर्धवट होऊ शकतो, तिथेही लूप हवाच. आणि आलेल्या लांबीवर डोळे झाकून मेमरी मागू नका. कमाल मर्यादा नसेल तर एक खराब हेडर थेट 4 जीबी मागेल.

एकाच पाइपमध्ये अनेक प्रोसेस लिहीत असतील तर आणखी एक खोच आहे. लिनक्सवर 4096 बाइटपर्यंतचा राइट अखंड जातो, त्यापुढे दोघांचे बाइट एकमेकांत मिसळू शकतात. पॉसिक्सची (युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक) हमी तर फक्त 512 ची.

दोघंही लिहीत बसणं

लिनक्सच्या पाइपमध्ये सहसा 65,536 बाइट मावतात. 'अ'ने मोठी रिक्वेस्ट लिहायला घेतली आणि 'ब'ने ती पूर्ण न वाचताच मोठं उत्तर लिहायला सुरुवात केली, तर दोन्ही बफर भरतात आणि दोघंही अडकतात. एस-ट्रेस (प्रोसेसचे सिस्टिम कॉल दाखवणारं टूल) लावून पाहा: दोन्ही प्रोसेस राइटवर थांबलेल्या दिसतील. बफर वाढवून हा प्रश्न सुटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. नॉन-ब्लॉकिंग मोड (रीड-राइट अडकून न राहता लगेच परततात), पोल (कुठलं टोक तयार आहे ते सांगणारा कॉल) आणि मर्यादा घातलेली आउटगोइंग क्यू, एवढं करावंच लागतं.

समोरची प्रोसेस मेली तर?

बंद झालेल्या सॉकेटवर लिहिलं की सिगपाइप हा सिग्नल येतो आणि तुमची प्रोसेस गुपचूप संपते. लॉगमध्ये ओळ नाही, कोअर डम्प नाही. शेलने एक्झिट कोड 141 दाखवला तर संशय इथेच घ्या: 128 अधिक सिग्नल क्रमांक 13. सेंड करताना एमएसजी_नोसिग्नल हा फ्लॅग द्या, मग सिग्नलऐवजी साधी एरर मिळते. लायब्ररीने अख्ख्या प्रोग्रामचा सिग्नल हँडलर बदलणं मला आगाऊपणाच वाटतो. पाइपला हा फ्लॅग मिळत नाही, म्हणून नव्या कोडमध्ये मी सॉकेटपेअरच (एकमेकांना जोडलेले दोन सॉकेट) घेतो.

उलटाही प्रकार होतो: लिहिणारी प्रोसेस मेली, तरी वाचणारी वाट बघतच बसते. फोर्क झालेल्या (प्रोसेसची नक्कल होऊन बनलेल्या) एखाद्या चाइल्डकडे, किंवा खुद्द वाचणारीकडेच, लिहिण्याचं टोक उघडं राहिलेलं असतं. प्रॉकमधल्या (लिनक्स चालू प्रोसेसची माहिती जिथे दाखवतं) एफडी फोल्डरमध्ये तोच पाइप नंबर कोणाकडे दिसतो ते तपासा. डिस्क्रिप्टर (उघड्या टोकाचा नंबर) क्लोझ-ऑन-एक्झेकसह उघडा, म्हणजे प्रोसेसने एक्झेक करून दुसरा प्रोग्राम सुरू केला की तो आपोआप बंद होतो. पण तो एक्झेक झाल्यावरच लागू होतो. नुसता फोर्क असेल तर नको ते टोक हाताने बंद करा.

रीस्टार्टनंतर 'अ‍ॅड्रेस आधीच वापरात'

प्रोसेस मेली तरी युनिक्स सॉकेटची (एकाच मशीनवरच्या प्रोसेस जोडणारा सॉकेट) फाइल डिस्कवर उरते. ती सरसकट उडवू नका, आधीचा सर्व्हर कदाचित चालूच असेल. वेगळ्या लॉक फाइलवर एफलॉक (फाइलवर लावायचं कुलूप) मिळाला तरच जुनी सॉकेट फाइल काढा.

शेअर्ड मेमरी

अनेक प्रोसेस एकत्र वापरतात त्या मेमरीत पॉइंटर ठेवू नका, ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) ठेवा. दुसऱ्या प्रोसेसमध्ये तोच भाग वेगळ्या पत्त्यावर मॅप होऊ शकतो. म्यूटेक्स (एका वेळी एकालाच डेटा हाताळू देणारा लॉक) प्रोसेस-शेअर्ड (अनेक प्रोसेसना चालणारा) आणि रोबस्ट (मालक मेल्याचं कळणारा) दोन्ही करा. नाहीतर लॉक धरून एखादी प्रोसेस मेली की बाकीच्या कायमच्या लटकतात. रोबस्ट म्यूटेक्समध्ये पुढच्याला लॉक मिळतो, सोबत मालक मेल्याची एररही मिळते. तेव्हा डेटा अर्धवट लिहिलेला असू शकतो. तो दुरुस्त करून म्यूटेक्स 'कन्सिस्टंट' जाहीर करा, मगच अनलॉक. हे विसरलात तर तो म्यूटेक्स पुन्हा कुणालाच मिळत नाही.