जुन्या ॲम्बेसेडरला खालचा गिअर: टनेलवरचा हम्प कसा बसवावा

जुन्या मार्क टू ॲम्बेसेडरचा गिअरचा दांडा स्टिअरिंगला असतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲम्बेसेडरचंच १८०० आयएसझेड मॉडेल आलं, त्यात जपानी इसुझू इंजिनासोबत पाच गिअरचा गिअरबॉक्स आणि खालचा, म्हणजे फ्लोअरमधून वर येणारा दांडा आला. जुन्या गाडीत हा सेट चढवायचा म्हटलं की इंजिनाचं जमतं, मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचं जमतं आणि काम अडतं फ्लोअरच्या पत्र्याशी. दांडा वर यायला टनेल, म्हणजे फ्लोअरच्या मधला गिअरबॉक्सवरचा लांबट उंचवटा, कापावा लागतो आणि त्या कापलेल्या जागेवर उंचवट्याचं झाकण बसवावं लागतं. तोच हम्प.

ग्राइंडर हातात घेण्याआधी आरसी काढून तारीख बघा. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिच्या चासीत, बॉडी शेलमध्ये किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा. म्हणजे १९७२ची मूळ रूपातली गाडी असेल तर हा लेख इथेच मिटवा आणि स्टिअरिंगचा गिअर दुरुस्त करून घ्या. ज्या गाडीत आधीच बरंच बदललं आहे तिच्यासाठीच हा उद्योग. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत आरसीवर करून घ्यावीच लागते.

हम्प हे शेवटचं काम, हे मनात पक्कं ठेवा. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्यावर बसतात ती माउंटिंग नवीन रबरासह घट्ट, प्रॉपेलर शाफ्ट जोडलेला, गिअरबॉक्स आपल्या कायमच्या जागी, आणि मग हम्पचं माप. जॅकवर टेकवलेल्या बॉक्सवरून माप घेतलं की माउंटिंग आवळल्यावर दांडा सहज १०-१५ मिमी सरकतो आणि सगळा पत्रा वाया जातो.

सामान फार नाही. १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा साधारण दोन फूट बाय दोन फूट, कडेच्या रिंगसाठी १६ गेजची पट्टी, ६ मिमीचे बोल्ट आणि वेल्ड नट (पत्र्याला वेल्ड करायचे नट) वीसेक, ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), सांधे बुजवायचा सीम सीलर, झिंक प्राइमर आणि दांड्याभोवतीचं रबरी आवरण, म्हणजे बूट. जालन्यात लोखंडाला तोटा नाही, पण तिथल्या रोलिंग मिलचा माल मुख्यतः सळईचा. सीआर पत्र्याचा उरलेला तुकडा वाळूजच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे विचारा. भंगारात आयएसझेडचा टनेल मिळाला तर चारी बाजूंनी ५० मिमी जास्त ठेवून तोच कापून आणा. घरी ठोकून तसा गोलवा येणं अवघड.

आता कापणं. बॅटरीची अर्थ वायर काढा. सीट, कार्पेट, खालचं नमद्याचं अस्तर सगळं बाहेर. गाडीखाली झोपून ब्रेक पाइप, पेट्रोलची नळी, वायरिंग आणि हँडब्रेकची केबल कुठून जाते ते बघा आणि वरच्या बाजूला खडूने खूण करा. बॉक्स चढवण्याआधीच बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) तोंडापासून दांड्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून टनेलवर उतरवा आणि तिथे फक्त १०० बाय १०० मिमीची खिडकी कापा. बॉक्स बसल्यावर ती एकेका बाजूने १० मिमी करत वाढवायची. एकदम मोठं भोक पाडायचा मोह आवरा. ॲम्बेसेडरला वेगळी चासी नाही, बॉडीच भार घेते, आणि टनेल फ्लोअरला ताठ ठेवतो. भोकाचे कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यातून पत्रा चिरतो. भोकाच्या कडेने खालून १६ गेजची २५ मिमी रुंद रिंग वेल्ड करा आणि वेल्ड नट त्या रिंगलाच द्या.

भोक किती मोठं, हे दांडा सांगतो. पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. प्रत्येक ठिकाणी दांडा आणि पत्र्याची कड यांत १५ मिमी जागा हवी, कारण चालू गाडीत इंजिन रबरावर डोलतं आणि दांडाही डोलतो. ही जागा कमी पडली तर दांडा कडेला टेकतो, गिअर पूर्ण बसत नाही आणि जोर दिला की निसटतो. लोक दोष देतात बॉक्सला, तो खोलून सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या रिंगा) बदलतात, आणि गिअर निसटायचा तो निसटतोच. याच वेळी पुढची सलग सीट ठेवून बघा. दुसरा आणि चौथा गिअर मागे येताना दांडा सीटला अडत असेल तर दांडा वाकवून घ्या किंवा दोन सुट्या सीट लावा.

हम्पचा आकार आधी पुठ्ठ्यात काढा. मग पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने, मधून कडेकडे हळूहळू ठोका. चारी बाजूंनी २५ मिमीची कड सपाट ठेवा. अंतर तपासायला एक घरगुती युक्ती चांगली चालते: गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला चार-पाच जागी घट्ट मळलेल्या कणकेचे गोळे ठेवा, हम्प जागेवर दाबा आणि उचला. ज्या गोळ्याची जाडी २० मिमीपेक्षा कमी उरली तिथे पत्रा अजून उचलायचा. हे अंतर चुकलं की साठच्या स्पीडला फ्लोअरमधून घर्रर्र आवाज येतो आणि तो शोधता शोधता आठवडा जातो.

हम्प वेल्ड करावा की बोल्टने? बोल्टनेच. पुढे बॉक्सच्या वरच्या भागाचं काम निघालं तर पुन्हा पत्रा कापावा लागत नाही. बोल्ट ६०-७० मिमी अंतरावर द्या, कडेखाली ब्युटाइल टेपचा सलग पट्टा. रिंगचं वेल्डिंग मात्र सीओटू वेल्डिंग मशीनने, ०.८ मिमी वायरवर, ४०-५० मिमीवर टॅक (वेल्डचे ठिपके) मारून, मग समोरासमोर २५ मिमीचे तुकडे. एका दमात ओढलं तर पत्रा पापडासारखा वळतो. गावाकडे व्होल्टेज खालीवर होतं, म्हणून प्रत्येक वेळी आधी रद्दी पत्र्यावर मारून बघा. खाली एक माणूस पाण्याची बादली आणि ओलं पोतं घेऊन हवाच. ठिणगी उरलेल्या नमद्यात तासभर धुमसते.

वेल्ड घासून झिंक प्राइमर, मग सीम सीलर, खालून अंडरकोट. सायलेन्सरच्या पाइपाजवळ अंडरकोट लावू नका, तो तापून वास मारतो. नांदेड-परभणीकडे मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो, त्यात बॉक्सची आणि पाइपाची धग. हम्पच्या आतून ॲल्युमिनियम फॉइलचं उष्णतारोधक अस्तर लावलं नाही तर डावा पाय भाजतो.

बूट दुहेरी लावा: आत रबरी, वर रेक्झिनचा. एकेरी बूट लावला की खडीच्या रस्त्यावरची सगळी धूळ दांड्याच्या बाजूने आत येते आणि पावसाळ्यात तिचाच चिखल होतो. बूट ताणलेला नको, नाहीतर तोही गिअर ओढून बाहेर काढतो.

दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर हम्प एकदा काढा. आतल्या अंगाला घासून चकाकलेली खूण दिसली तर तेवढी जागा ठोकून उचला, प्राइमर लावा आणि नव्या ब्युटाइल टेपवर बोल्ट पुन्हा आवळा.