स्पीड कॅमेरा: खांब उभा करण्याआधी आणि नंतर

कॅमेऱ्याची मागणी करण्याआधी त्या रस्त्यावर वाहने प्रत्यक्षात किती वेगाने धावतात, हे मोजून घ्यावे. नुसत्या नजरेचा अंदाज येथे फसवा ठरतो. कडेला उभ्या असलेल्या माणसाला फटफट आवाज करणारी मोटारसायकल भरधाव वाटते आणि तिच्याहून वेगात, पण आवाज न करता निघून गेलेली मोटार लक्षातही राहत नाही. रस्त्यावर आडव्या अंथरलेल्या, चाकांचा दाब टिपणाऱ्या रबरी नळ्या किंवा खांबावर बसवलेला लहान रडार सलग किमान सात दिवस, दिवसरात्र ठेवला, म्हणजे कामाचा दिवस आणि सुट्टी, शाळा सुटण्याची वेळ आणि मध्यरात्र यांतला फरक आकड्यांत हाती येतो. या नोंदींतून सरासरी वेग काढावा आणि त्याबरोबर, 85 टक्के वाहने ज्या वेगाच्या आत असतात तो वेगही काढावा. मर्यादा ताशी 50 किलोमीटरची असताना हा दुसरा आकडा 70 च्या घरात असेल, तर चार बेफिकीर चालकांना दोष देऊन भागणार नाही, कारण रस्त्याची घडणच वेगाला मोकळीक देत असते. तेथे मार्गिका अरुंद करणे, पादचाऱ्यांना मध्ये थांबता येईल असा दुभाजक देणे किंवा झेब्रा पट्टा उंचावर घेणे, ही कामे कॅमेऱ्याच्या आधी किंवा निदान त्याच्याबरोबर व्हायला हवीत.

वेगातला थोडा फरक एवढा महत्त्वाचा का, हे स्थानिक बैठकीत समजावून सांगावे लागते. कोरड्या रस्त्यावर, धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर ताशी 30 किलोमीटरने जाणारी मोटार साधारण 13 मीटरमध्ये पूर्ण थांबते. 50 ने जाणाऱ्या मोटारीचा ब्रेक तेवढ्या अंतरापर्यंत लागलेलाही नसतो आणि तिला थांबायला सुमारे 28 मीटर लागतात. धावत रस्त्यावर आलेले मूल 15 मीटरवर असेल, तर पहिली मोटार त्याच्या अलीकडे थांबते, दुसरी जवळपास पूर्ण वेगाने त्याच्यावर आदळते.

जागा ठरवताना निदान तीन, शक्य असल्यास पाच वर्षांच्या अपघातांच्या नोंदी नकाशावर मांडाव्यात आणि त्यांतले वेगामुळे घडलेले किंवा वेगामुळे अधिक गंभीर झालेले अपघात वेगळे करावेत. अंधारे वळण किंवा चुकीच्या जागी असलेला थांबा हे कारण असेल, तर कॅमेऱ्याचा उपयोग नाही. एका वर्षाच्या आकड्यावर विसंबण्यात दुसराही धोका आहे: विशेष वाईट वर्षानंतर अपघातांची संख्या पुष्कळदा काही न करताही नेहमीच्या पातळीकडे उतरते आणि त्याचे श्रेय फुकट कॅमेऱ्याला मिळते.

एकाच ठिकाणी वेग टिपणारा कॅमेरा शाळेसमोर किंवा चौकाआधी योग्य असतो, परंतु सराईत चालक खांबापाशी ब्रेक लावतात आणि तो मागे पडताच पुन्हा वेग घेतात. लांबलचक धोकादायक पट्ट्यावर म्हणूनच दोन टोकांना दोन कॅमेरे लावून सरासरी वेग काढणे श्रेयस्कर. दोन किलोमीटरचे अंतर ताशी 50 ने कापायला 144 सेकंद लागतात. तेच कोणी 100 सेकंदांत कापले, तर त्याचा सरासरी वेग 72 होता हे उघड आहे. अशा दोन टोकांच्या मध्ये फाटे फार असतील, तर मात्र ही पद्धत निकामी ठरते.

सर्वांत जास्त कष्ट अचूकतेवर घ्यावेत. वेग टिपणारा कॅमेरा विकसित करणारे डच शर्यतपटू मॉस गॅत्सोनिडेस यांना आधी स्वतःचाच वेग वाढवण्यासाठी नेमके मोजमाप हवे होते, ही गंमत बाजूला ठेवली तरी मोजमापाचा आग्रह महत्त्वाचा आहे. रडार रस्त्याशी ठरावीक कोनात बसवतात आणि यंत्र त्या कोनाचा हिशेब धरूनच वेग सांगते. खांब कलला किंवा वळणावर बसवला, तर तो हिशेब चुकतो. यासाठी प्रत्येक उल्लंघनाची, ठरावीक वेळेच्या फरकाने घेतलेली दोन छायाचित्रे असावीत आणि रस्त्यावर समान अंतराने पांढऱ्या रेघा आखलेल्या असाव्यात. अर्ध्या सेकंदात वाहन 10 मीटर पुढे गेलेले दिसले, तर वेग ताशी 72 येतो. यंत्राचा आकडा याच्याशी जुळला नाही, तर चलन रद्द झाले पाहिजे. चलन निघण्यापूर्वी प्रशिक्षित माणसाने दोन्ही छायाचित्रे आणि नंबरप्लेट डोळ्यांखालून घालणे हे औपचारिक सोपस्कार म्हणून उरकू नये. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात 2012 मध्ये लाल दिव्यापाशी उभ्या असलेल्या मोटारीच्या नावे वेगाचे चलन निघाले होते आणि पुढच्या वर्षी तेथील कॅमेरे बंद करावे लागले. यंत्राची तपासणी त्रयस्थ प्रयोगशाळेकडून ठरलेल्या मुदतीत व्हावी आणि तिचे प्रमाणपत्र नागरिकांना पाहता यावे.

कॅमेरा लपवू नये. आधी मर्यादेचा फलक, मग कॅमेऱ्याची सूचना, मग कॅमेरा, असा क्रम ठेवावा आणि पहिले काही आठवडे केवळ इशारापत्रे पाठवावीत. मोजमापातील त्रुटीसाठी किती सूट द्यायची हेही आधीच ठरवावे. न्यू यॉर्क शहरात शाळांजवळच्या कॅमेऱ्यांची दंडाची रेषा मर्यादेच्या वर ताशी 10 मैलांहून अधिक आहे. माझ्या मते वस्तीच्या रस्त्यावर एवढी सूट अति आहे. तेथील दुसरा निर्णय मात्र अनुकरणीय वाटतो: पूर्वी ठरावीक वेळेतच चालणारे हे कॅमेरे ऑगस्ट 2022 पासून अहोरात्र चालू आहेत, कारण रिकामा रस्ता वेगाला रात्रीच अधिक वाव देतो.

कंत्राट करताना पुरवठादाराचा मोबदला चलनांच्या संख्येशी कदापि जोडू नये. ठरलेले मासिक भाडे आणि यंत्र बंद राहिल्यास कपात, एवढेच पुरे. दंडाची रक्कम रस्तासुरक्षेच्या कामांसाठी राखून ठेवावी, पण अंदाजपत्रकात तिच्यावर भिस्त ठेवू नये, कारण योजना नीट चालली तर ही रक्कम घटत जाणार आहे. कॅमेरा लागल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच जागी, तसेच अर्धा-एक किलोमीटर पुढे, पूर्वीच्याच पद्धतीने वेग मोजावा आणि तशाच प्रकारच्या कॅमेरा नसलेल्या रस्त्याशी तुलना करावी. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2010 च्या आढाव्यात कॅमेऱ्याच्या परिसरातील अपघात 8 ते 49 टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. ही तफावत एवढी मोठी आहे की दुसरीकडचा आकडा आपल्या रस्त्याला लावता येत नाही. वर्षभरानंतरही चलने पूर्वीइतकीच निघत असतील, तर फलक दिसतात का, मर्यादा रस्त्याला साजेशी आहे का आणि रस्त्याची रुंदी कमी करायची राहून गेली का, याची पाहणी जागेवर जाऊन करावी.